कॅसेट ऑनलाइन, टीव्ही नगरचा!

नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडी अजून नगरच. सावेडीतल्या घरी दादा आणि मी ‘काँट्रा’ खेळायचो. चालू रिमोट एकच, त्यामुळे रोज मारामारी! दादा बंगळुरूला गेला, आईने टीव्ही गेम भंगारात दिला. आता आमचं बोलणं म्हणजे व्हॉट्सअॅपवरचं गुड मॉर्निंग.

यंदा दिवाळीला दादा येणार म्हटल्यावर मी पुण्यात बसून शोध घेतला. ईबे इंडिया २०१८ मध्येच बंद झालं. आता आधार ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसचा. तुम्हीही घेताय? मग ऐका. आपल्याकडच्या जुन्या कॅसेटी बहुतेक ६० पिनच्या, जपानी फॅमिकॉमसारख्या. अमेरिकन एनईएसची ७२ पिनची कॅसेट त्या मशिनमध्ये बसत नाही. पैसे देण्याआधी गेम चालू असल्याचा व्हिडिओ मागा. आणि ‘९९९९ इन १’ला भुलू नका, तेच गेम फिरून फिरून येतात.

पार्सल घेऊन माळीवाड्याला एसटीतून उतरले. घरी ‘डक हंट’ लावला, तर बंदूक एलईडी टीव्हीवर ढिम्म! तिला जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्हीच लागतो. बाबा काही न बोलता माळ्यावर चढले. आमचा जुना टीव्ही त्यांनी जपून ठेवला होता.

रात्री दादा आला, बॅगही न ठेवता म्हणाला, ‘‘पहिला नंबर माझा!’’

दिला. या वेळी न भांडता.