लिमरिकच्या नोटा आणि मामाचा संप

मंडळी, आपल्या आयर्लंडात एक शहर कामगारांनी स्वतः चालवून दाखवलं होतं. लिमरिक, एप्रिल १९१९. ब्रिटिश लष्कराने शहरात जा-ये करायला परवाने सक्तीचे केले, म्हणून कामगार संघटनांच्या परिषदेने सार्वत्रिक संप पुकारला. संप म्हटला की आपल्याला बंद शटर आठवतात. इथे उलटंच! पाव-दुधाचे भाव काय आणि दुकानं कधी उघडायची, हे संपसमितीने ठरवलं. एक, पाच आणि दहा शिलिंगांच्या स्वतःच्या नोटासुद्धा छापल्या. पण बिशप आणि महापौरांचा दबाव आला, कामगार चळवळीच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनी संप देशभर नेला नाही, आणि दोन आठवड्यांच्या आत सगळं आटोपलं.

यामागच्या विचाराला सिंडिकॅलिझम म्हणतात. कामगारांचं राज्य पक्षामार्फत, मतपेटीतून येईल यावर या मंडळींचा फारसा भरवसा नाही. सगळ्या धंद्यांतल्या कामगारांची एकच मोठी युनियन करा, एकाच्या संपात सगळे उतरा, आणि शेवटी कारखाने युनियननेच चालवा, असा साधा हिशोब. जेम्स कॉनली हे अमेरिकेतून शिकून १९१० मध्ये परतला. जिम लार्किनने त्याआधीच, १९०९ मध्ये, आयरिश ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन काढली होती. ओ'कॉनेल स्ट्रीटवर हात वर केलेला पुतळा आहे ना, तोच हा लार्किन.

मालक मंडळी खुळी नव्हती. १९१३ मध्ये डब्लिनच्या ट्राम कंपनीचा मालक विल्यम मार्टिन मर्फी याच्या पुढाकाराने त्यांनी कामगारांना 'या युनियनशी संबंध ठेवणार नाही' असं लिहून मागितलं. सही नाही तर काम नाही! वीस हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर आली. इंग्लंडच्या कामगार संघटनांनी जहाज भरून अन्न पाठवलं, पण डब्लिनसाठी संप करायला नकार दिला. १९१४ च्या सुरुवातीला लोक उपाशीपोटी कामावर परतले.

हे वाचताना मला माझा मोठा मामा आठवत होता. १८ जानेवारी १९८२ च्या संपात तो होता, लालबागच्या एका गिरणीत, साच्यावर. अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. पण १९४६ च्या मुंबईच्या कायद्याप्रमाणे एका उद्योगात एकच युनियन मान्यताप्राप्त, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. लार्किनला जी 'एकच मोठी युनियन' हवी होती ती मुंबईत कायद्यानेच मिळाली, फक्त कामगारांना नको असलेली! कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर निघत राहिलं. मामा गावी गेला, भात लावला, परत आला तेव्हा गिरणीला कुलूप. तो संप कुणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही.

आयर्लंडात कायदा तिसराच. युनियनमध्ये जायचा हक्क घटनेत आहे, पण कंपनीने त्या युनियनशी बोललंच पाहिजे असं बंधन नाही. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात कपात जाहीर झाली. कायद्याप्रमाणे तीस दिवस सल्लामसलत, त्यासाठी कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी निवडायचे. परमिटवरचे आम्ही सगळे मान खाली घालून बसलो. उभे राहिले ते दोघे आयरिश. त्यांचं-आमचं काय वेगळं होतं? आमच्या परमिटवर कंपनीचं नाव असतं, एवढंच. पण एवढं पुरतं. त्या आठवड्यात मी युनियनचा फॉर्म भरला. बायकोचा पहिला प्रश्न, "आणि नवीन ठिकाणी परमिट नाही मिळालं तर?" त्याचं उत्तर युनियनकडेही नव्हतं.

मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अरे, तुमच्यात बदली कामगार असतात का?"

म्हटलं, "असतात. पुण्यात बसतात."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांना विचारलंस का?"

अजून विचारलेलं नाही. त्यांच्यातला एक माझ्याच कॉलेजचा आहे, त्याचा नंबर आहे माझ्याकडे.