परतीची वाट

‘नवी आवृत्ती चढवा, पण कारभार क्षणभरही थांबता कामा नये’ हा हुकूम डेटाबेसच्या चाकरीत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाला नवा नाही. मात्र हुकूम देणाऱ्यांची दृष्टी घड्याळावर खिळलेली असते, तेव्हा माझी दृष्टी अलीकडे परतीच्या वाटेकडेच अधिक लागते.

पोस्टग्रेसच्या क्लस्टरमध्ये लिहिण्याची मुखत्यारी एकट्या प्रायमरीकडे असते, आणि रेप्लिका त्याच्या वॉलमधून, म्हणजे रोजकीर्दीतून, नोंदीमागून नोंद उतरवून घेतात. किरकोळ आवृत्ती असेल तर आधी रेप्लिका, मग स्विचओव्हर, शेवटी जुना प्रायमरी, असे काम उरकते. मुख्य आवृत्ती बदलली, की एकीची रोजकीर्द दुसरीला वाचता येत नाही. २०१० साली ९.० बरोबर आलेले पीजी_अपग्रेड ‘लिंक’ पर्यायाने चालविले, तर प्रचंड संग्रहही काही मिनिटांत नव्या आवृत्तीच्या स्वाधीन होतो. परंतु दोघींच्या फायली त्याच असल्यामुळे नवा सर्व्हर एकदा सुरू झाला, की जुना पुन्हा उभा करणे सुरक्षित राहत नाही, आणि मागे फिरायचे तर बॅकअपखेरीज गती उरत नाही.

म्हणून २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून अंगभूत झालेल्या, दोन मुख्य आवृत्त्यांमध्येही चालणाऱ्या लॉजिकल रेप्लिकेशनचा लांबचा मार्ग मी पत्करतो. त्यातून टेबलांच्या रचनेतले फेरफार पलीकडे जात नाहीत, सबब तितके दिवस रचना गोठवावी लागते. सीक्वेन्सचे आकडे हाताने पुढे सरकवून ठेवले नाहीत, तर नव्या सर्व्हरवरची पहिलीच पावती जुन्या क्रमांकाने फाडली जाऊन प्रायमरी की आडवी येते.

मग सत्तांतराची घटिका. जोडण्या सांभाळणाऱ्या पीजीबाउन्सरला पॉज दिला, की नव्या क्वेरी नाकारल्या न जाता रांगेत थांबतात. पण आधीपासून चाललेले ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत तो पॉज पुरा होत नाही, आणि हिशेबखात्याने लावलेला एखादा महिनाअखेरचा रिपोर्ट अवघ्या कारभाराला तिष्ठत ठेवू शकतो, म्हणून पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी पाहून खातरजमा झाल्याविना मी तो हुकूम सोडत नाही. पॉजनंतर टिपलेला जुन्या सर्व्हरचा एलएसएन, म्हणजे रोजकीर्दीतला टप्पा, नव्या सर्व्हरने गाठल्याची कबुली पडद्यावर उमटेपर्यंत थांबायचे. मागे सेकंद मोजणारी मंडळी उभी असली, तरी येथे घाई करणे मला कर्तव्यच्युती वाटते. त्यानंतर, रांगेला वाट मोकळी करण्यापूर्वीच, नव्याकडून जुन्याकडे उलट रेप्लिकेशन बांधायचे, म्हणजे चार दिवसांनी एखादी महत्त्वाची क्वेरी नव्या आवृत्तीवर रेंगाळू लागली, तरी मधल्या काळातील एकही नोंद न गमावता माघार घेता येते.

या बंदोबस्तासाठी जुन्या यंत्रांचे भाडे आणखी काही आठवडे भरावे लागते, आणि नेमक्या त्याच रकमेवर काट मारली जाते. चौदाव्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२६ मध्ये संपते. ज्यांचे दप्तर अजून तिच्यावर आहे, त्यांनी ही रक्कम अंदाजपत्रकात आत्ताच धरून ठेवावी, एवढी विनंती आहे.