पोटातले ओठांवर

माझी नात सध्या कोरियन भाषा शिकते आहे. तिच्या वहीत डोकावायची मला सवयच लागली आहे. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला वाक्प्रचार दिसला की राहवत नाही! आणि कोरियन वाक्प्रचार म्हणजे अक्षरशः शरीरशास्त्राचे पुस्तक.

धीट माणसाचे यकृत मोठे असते. घाबरला की तेच दाण्याएवढे होते, दचकला की गळून पडते. उगाच खिदळणाऱ्याच्या फुप्फुसात वारा शिरलेला असतो. हसू येते ना? पण ‘वाघाचे काळीज’ म्हणताना आपण तरी दुसरे काय म्हणतो? काळीज म्हणजे मुळात यकृतच. मटणाच्या दुकानातली कलेजी आठवा. एक म्हण तर थेट आपल्या भावकीतली वाटावी: चुलतभावाने जमीन घेतली की पोट दुखते!

यामागे त्यांचे जुने वैद्यक आहे. हओ जुन या राजवैद्याचा ‘दोंगुई बोगाम’ हा ग्रंथ १६१३ साली छापला गेला. त्या परंपरेत राग यकृताशी, शोक फुप्फुसाशी, भीती मूत्रपिंडाशी जोडलेली. मन आणि शरीर यांत भिंत अशी नाहीच.

मला सर्वांत भिडला तो ‘सोक’ हा शब्द. सोक म्हणजे आतला भाग. पोटही तेच आणि मनही तेच. मनाला लागले की कोरियन माणूस म्हणतो, माझे सोक नासले. अन्न नासते त्यालाही हेच क्रियापद.

आणि जे नुसते नासत नाही, पेटते, ते ‘ह्वाब्योंग’. ह्वा म्हणजे आग, आणि रागसुद्धा. ब्योंग म्हणजे आजार. वर्षानुवर्षे गिळलेल्या रागाने छाती दडपते, अंगातून वाफा निघतात, घशाशी गोळा येतो. मध्यमवयीन बायकांमध्ये हे अधिक आढळते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली आपल्या निदान-ग्रंथाच्या परिशिष्टात हा शब्द कोरियन नावानेच नोंदवला.

हे वाचले आणि माझी थोरली बहीण आठवली. मोठ्या एकत्र कुटुंबातली थोरली सून. “छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं गं,” असे ती कितीतरी वर्षे म्हणायची. कार्डिओग्राम चांगला आला. “काही झालेलं नाही,” असे तिच्या घरात सर्वांनी ठरवले आणि विषय संपला. “मला राग येतो” हे वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. त्या घरात सुनेला ते बोलायची मुभाच नव्हती. धोंड्याबद्दल तेवढे बोलता येत होते.

असो. शब्द आपल्याकडेही आहेत. आतडे तुटते, पोटात खड्डा पडतो, काळजाला घरे पडतात. पण आपण त्यांना परीक्षेत दोन मार्कांना विचारतो आणि विसरतो. घरातली कोणी बाई छाती जड झाली म्हणाली, तर आधी डॉक्टरकडे न्या, तपासणी कराच. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढचे विचारायचे थांबू नका.