अक्षर मोजताना

साहित्याच्या वर्गात संगणकाचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. एक तुच्छतेचा: यंत्राला काय कळते काव्य! दुसरा न्यूनगंडाचा: आपण उगाच कवितेत वर्षे घालवली, पोटापाण्याची विद्या भलतीकडेच होती. एम.ए.चे विद्यार्थी हल्ली आम्हास केशवसुतांविषयी जितके विचारतात, त्याहून अधिक मोबाइलची ॲप तयार करायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांविषयी विचारतात; आणि विचारताना काही अपराध केल्यासारखी मान खाली घालतात. हे दोन्ही सूर आम्हास सारखेच अपुऱ्या माहितीवर बेतलेले वाटतात. असे का वाटते, ते येथे मांडावयाचे आहे.

मराठी शिकवणारे आम्ही तिघे एका उन्हाळ्याच्या सुटीत ‘पायथन’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावयास बसलो. नवशिक्यांची पुस्तके बेरीज-वजाबाकीपासून किंवा दुकानाच्या बिलापासून सुरुवात करतात. आम्ही आमच्या घरचेच काम निवडले: दिलेली ओळ भुजंगप्रयात वृत्तात आहे की नाही, हे सांगणारी आज्ञावली लिहायची. चरणात अक्षरे बारा, ‘य’ गण चार वेळा, म्हणजे लघु-गुरु-गुरु हा क्रम चारदा. मनाच्या श्लोकांमुळे ही चाल महाराष्ट्राच्या कानात इतकी मुरलेली आहे, की शाळकरी पोरही चुकलेली ओळ ऐकून चटकन थांबते. यंत्राला हे शिकवणे सोपे असेल, असे वरकरणी वाटते.

प्रोग्रॅमच्या भाषेत पहिली गोष्ट जाणवली ती व्याकरणाची. तेथे जवळजवळ सारा कारभार आज्ञार्थात चालतो. ‘मोजणी = मोजणी + १’ असे एक वाक्य पहिल्याच धड्यात येते. गणिताच्या दृष्टीने ते सरळ खोटे. कोणतीही संख्या स्वतःहून एकने मोठी कशी असेल? पण हे विधान नाहीच. ‘मोजणी या नावाखाली आता जे आहे, त्यात एक मिळव आणि आलेले उत्तर पुन्हा त्याच नावाखाली ठेव’ अशी ती आज्ञा आहे. नाव तेच, अर्थ क्षणोक्षणी नवा. अशा नावाला ‘चल’ म्हणतात. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही नावे देवनागरीतही लिहिता येतात. आज्ञांचे शब्द मात्र इंग्रजीच राहतात, आणि आज्ञावलीत थेट लिहिलेले आकडेही आपले चालत नाहीत. वरच्या वाक्यातला एकचा आकडा यंत्रापुढे इंग्रजीतच लिहावा लागतो.

यानंतर खरी गंमत सुरू झाली. ‘कविता’ या शब्दाची लांबी आम्ही यंत्रास विचारली. उत्तर आले, पाच. ‘स्त्री’ची विचारली, उत्तर आले, सहा. आपल्या हिशेबी कवितेत तीन अक्षरे आणि स्त्री हे एकच अक्षर. यंत्र खोटे बोलत नव्हते. १९९१ साली पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीला १२८ जागांचा एक विभाग दिलेला आहे, आणि त्याची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतावर आधारलेली आहे. या मांडणीत व्यंजन हे एक चिन्ह, वेलांटी हे दुसरे, पाय मोडण्याची खूण हे तिसरे. त्यामुळे ‘स्त्री’ म्हणजे स, पायमोड, त, पायमोड, र आणि दीर्घ वेलांटी: एकूण सहा. ‘नवजीवन’ हा शब्द उलट वाचला तरी तोच राहतो, हे आपण लहानपणी हौसेने शोधून काढतो. यंत्राला तो उलटवायला सांगितला तर ते चिन्हे उलटवते, अक्षरे नव्हे. वेलांटी ‘ज’वरून सुटून ‘व’ला चिकटते आणि ‘नवीजवन’ असा अर्थहीन शब्द हाती येतो.

म्हणजे अक्षर कशाला म्हणायचे, हे यंत्राला आम्हीच सांगावयाचे होते. प्रोग्रॅमिंगमध्ये यासाठी ‘अट’ लिहितात. आमची अट अशी: समोरचे चिन्ह व्यंजन किंवा स्वतंत्र स्वर असेल, आणि त्याच्या लगेच आधी पायमोड नसेल, तर नवे अक्षर सुरू झाले असे समज. ‘कविता’त तीन, ‘स्त्री’त एक, हिशेब जुळला. मग कोणी ‘विद्वान्’ हा शब्द पुढे केला. शेवटचा ‘न्’ आमच्या अटीनुसार वेगळे अक्षर ठरतो, छंदःशास्त्रानुसार ठरत नाही. म्हणून अटीला पोटअट जोडावी लागली. नियम, अपवाद, अपवादाचा अपवाद: हा प्रवास व्याकरणाच्या विद्यार्थ्याला नवा नाही. स्वरांच्या अख्ख्या समूहाला ‘अच्’ आणि व्यंजनांच्या समूहाला ‘हल्’ असे आखूड नाव देऊन पुढचे नियम त्या नावांच्या आधारे सांगण्याची पाणिनीची रीत ज्याने पाहिली आहे, त्याला आज्ञावलीच्या आरंभी ‘दीर्घ’ नावाची यादी करून पुढे केवळ ते नाव वापरणे परके वाटू नये. एवढ्यावरून ‘संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा’ अशी जी घोषणा अधूनमधून फिरत असते, ती मात्र सिद्ध होत नाही. साम्य आहे ते नियम रचण्याच्या शिस्तीत.

पुनरावृत्तीचे तंत्र, ज्याला ‘लूप’ म्हणतात, तेही छंदाच्या अभ्यासकाला जवळचे आहे. बारा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंचे एकूण किती क्रम संभवतात? प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणजे दोनाला दोनाने गुणत बारा वेळा जायचे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात यासाठी जवळची वाट सांगितली आहे. संख्या सम असेल तर निम्मी कर, विषम असेल तर एक वजा कर, शून्य येईपर्यंत चालू ठेव: बारा, सहा, तीन, दोन, एक, शून्य. मग एकापासून आरंभ करून त्याच वाटेने परत ये. जेथे एक वजा केला होता तेथे दुप्पट, जेथे निम्मे केले होते तेथे वर्ग. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे चौसष्ट, चौसष्टाचे ४०९६. भुजंगप्रयात हा त्या ४०९६ क्रमांपैकी एक. बारा पायऱ्यांचे काम पाचांत होते. संख्या जितकी मोठी, तितकी ही बचत वाढत जाते. नवशिक्याला ‘अल्गोरिदम’ म्हणजे काय हे समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

येथवर सारे सुरळीत चालले. अडखळलो ते लघु-गुरूच्या नियमापाशी. जोडाक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू धरावे, हा पाठ्यपुस्तकी नियम. ‘पुस्तक’मधला ‘पु’ त्याप्रमाणे गुरू. पण ‘तुझ्या’मधला ‘तु’ आणि ‘कुऱ्हाड’मधला ‘कु’ लघूच राहतात, कारण मराठी उच्चारात तेथे आघात पडत नाही. यावर उपाय म्हणून अपवादांची यादी करता येते. कधी लिपीच आपल्या मदतीला येते: ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला आघाताचा भेद मराठीने रफार आणि अर्धचंद्राकृती ‘र’ अशा दोन खुणांनी जपला आहे, आणि युनिकोडमध्येही ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे. म्हणून तो भेद यंत्राला दिसतो.

पण ‘पुण्यात’ या शब्दाचे काय करावे? ‘दानाची गणना पुण्यात होते’ आणि ‘दादा पुण्यात राहतात’. पहिला ‘पु’ गुरू, दुसरा लघू. चिन्हे तीच, क्रम तोच, लांबीही तीच. अक्षरे न्याहाळणाऱ्या आमच्या आज्ञावलीला या दोहोंत भेद करण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तो भेद शब्दात नाहीच, वाक्याच्या अर्थात आहे. आजची मोठी भाषिक प्रारूपे आजूबाजूच्या शब्दांवरून असा अर्थ पुष्कळदा ताडतात. तरीही त्यांचे उत्तर बरोबर की चूक, हे ठरवण्यासाठी मराठी कानच लागतो.

माधव जूलियनांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ १९२७ साली निघाला. आज तो ग्रंथालयात सहसा परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात हलतो. आमच्या तीनेकशे ओळींच्या आज्ञावलीत यंत्राने शिकवले असे थोडे आहे. बाकीचे वृत्तविचारातून आणि शब्दविचारातून आलेले आहे. मराठीत लिहू देणारे, शोधू देणारे, शब्द अकारविल्हे लावणारे प्रत्येक ॲप कोणीतरी ‘अक्षर म्हणजे काय’ याचे उत्तर ठरवूनच बनवलेले असते. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर बसतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, निव्वळ संकेतांकाच्या क्रमाने लावलेल्या यादीत म्हणूनच ‘कळ’ हा ‘कवी’च्या आधी येतो. हे ज्याच्या लक्षात येते त्याला दुरुस्त करता येते. लक्षात मात्र आधी यावे लागते.

म्हणून मान खाली घालून विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही आता इतकेच सांगतो: अवश्य शिका, पण वृत्ते सोडून देऊ नका. आज्ञा लिहावयास कोणीही काही महिन्यांत शिकतो. कोणती आज्ञा द्यावी, हे कळावयास ‘पुण्यात’चे दोन उच्चार आधी ऐकलेले असावे लागतात.