सरळ जॉब, आतला ताण

काडाराश, फ्रान्स

प्रिय दादा,

इथे ईटर ही फ्यूजन अणुभट्टी उभी राहते आहे. तिच्या निर्वात पात्राचे नऊ भाग, एकेक साधारण 440 टनांचा, आणि भिंतीची स्टेनलेस प्लेट 60 मिलिमीटर जाड. भोवतीच्या क्रायोस्टॅट या बाहेरच्या पात्राचे तुकडे आपल्या लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्यात बनवले. अशी जाडी बघितली की लेझर विरुद्ध आर्क हा तुझा वाद आठवतो. मशीन विकणारे सांगतात, लेझरची उष्णता कमी म्हणून ताणही कमी. यातलं पहिलं खरं, दुसरं अर्धवट. हिशेब करून बघ. हे स्टेनलेस दर अंशाला दहा लाखांत सोळा भाग आकसतं, त्याचं यील्ड, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचं ताणलं जाऊ लागतं तो, 200 मेगापास्कलच्या आसपास. दोन्ही टोकांनी पक्की धरलेली पट्टी जेमतेम साठ-पासष्ट अंश निवली तरी ताण यील्डला भिडतो, आणि वेल्डचा रस गोठतो तो 1400 अंशांच्या आसपास! म्हणजे लेझर असो वा आर्क, शिखर यील्डपाशी जाणारच. फरक पडतो तो ताणलेल्या पट्ट्याच्या रुंदीत. स्टेनलेसमधून उष्णता साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वेगाने वाहते, त्यामुळे ती सांध्याभोवतीच साचते. टिग या आर्क वेल्डिंगचे पासावर पास चढवले की रुंद पट्टा तापतो, जॉब एका बाजूला खेचला जातो. शिवाय आधीचा पास पुढच्या पासाने पुन्हापुन्हा दाबला-ताणला जाऊन कडक होतो आणि ताण प्लेटच्या यील्डच्याही वर चढतो. लेझरचा पट्टा अरुंद, वाकणं कमी. त्याची खरी कमाई ही. पण जाड प्लेटच्या मधोमध धातूला कुठल्याच बाजूने आकसायला वाव नसतो, हे लेझरलाही चुकत नाही.

ग्रेनोबल

प्रिय दादा,

इथल्या लाउए-लांजव्हँ संस्थेत न्यूट्रॉनने पोलादाच्या आतला ताण मोजतात. नेहमीचे क्ष-किरण पृष्ठभागाशीच थांबतात. न्यूट्रॉन काही सेंटिमीटर आत शिरून अणूंच्या थरांमधलं अंतर किती बदललं ते सांगतात. असं मोजावं लागतं, कारण सरळ दिसणारा जॉब काहीच सांगत नाही. फिक्श्चरमध्ये आवळून वेल्ड केला तर तो वाकत नाही, पण वाकून सुटला असता तो ताण आतच राहतो. तू म्हणशील, स्टेनलेस तन्य, न तुटता ताणलं जाणारं, जरासं ताणलं की ताण उतरतो. एकदाच भार घेणाऱ्या जॉबला हे ठीक. पण ईटरच्याच उष्णता-कवचाच्या थंडाव्याच्या नळ्यांना तडे सापडल्याचं 2022 मध्ये जाहीर झालं. वेल्डजवळच्या फटीत अडकलेले क्लोरीनचे अंश आणि ताण, दोघांनी मिळून ते पाडले. मग भट्टीत घालून स्ट्रेस रिलिव्हिंग करावं? ताण पुरेसा उतरवायला 900 अंशांच्या आसपास जावं लागतं. त्यात मोठा जॉब स्वतःच्या वजनाने बसतो, आणि 450 ते 850 अंशांत रेंगाळला तर, कार्बन जास्त असल्यास, क्रोमियम कार्बाइड होऊन गंजरोधही जातो. तेव्हा लेझर जरूर घे, वाकणं वाचेल. पण कोटेशनमध्ये ‘स्ट्रेस-फ्री’ लिहू नकोस, आणि पिकलिंगनंतर, म्हणजे आम्लाने साफ केल्यावर, वेल्डच्या फटी क्लोरीन नसलेल्या पाण्याने धुऊन घ्यायला माणसांना बजाव.