बंद नळाचे छिद्र
घाटनांदूरला समुद्र नाही. उन्हाळ्यात पाणीही मोजूनच मिळते. तरीही, 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी जिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेशी आमच्या वसतिगृहाच्या टाकीचे नाते आहे. दोहोंत फायबरग्लास आहे, म्हणजे राळेत बसवलेले काचेच्या धाग्यांचे कापड.

जुना नळ काढला की छिद्र उरते. नुसती लांबी भरून भागत नाही. छिद्राभोवतीचे धागे तुटलेले असतात आणि बूच दाबाने निसटते. म्हणून आम्ही बाहेरून फळी लावली आणि आतली कड तिरपी घासली : भिंत अर्धा सेंटीमीटर, तर उतार सहा सेंटीमीटर. पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या एपॉक्सीत भिजवलेल्या कापडाच्या चकत्या थरावर थर बसवल्या. राळ पूर्ण कठीण झाल्यावर टाकी धुऊन मगच भरली.

नौकेचे छिद्र बाहेरून बुजवतात, टाकीचे आतून. कारण पाणी ज्या बाजूने रेटते, त्याच बाजूने ठिगळ हवे. मग तोच दाब ते घट्ट बसवतो. टँकरच्या दिवसांत रात्रभरची ठिबक म्हणजे रांगेतल्या शेवटच्या मुलाची रिकामी बादली. यंदा ती भरली.