ओट्यावरचा कागद

लिंबाची अर्धी फोड रात्रभर ओट्यावर पालथी राहिली होती. सकाळी उचलली, तर खाली गोल चट्टा उमटलेला. आईला वाटलं, डाग पडला. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं, साबण लावून पाहिला, मग खायचा सोडा. चट्टा हलेना. मी बोट फिरवलं. आजूबाजूचा दगड काचेसारखा गुळगुळीत आणि तेवढीच जागा खरखरीत. खिडकीच्या उजेडात तिरकं पाहिलं तेव्हा कळलं की तिथली चकाकी पार गेली आहे. नवा संगमरवरी ओटा बसवून त्या दिवशी जेमतेम दोन आठवडे झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून आई ओट्यावर वर्तमानपत्र पसरून स्वयंपाक करू लागली. कोकम भिजवायचं तरी खाली कागद, दह्याचं पातेलं ठेवायचं तरी कागद. टोमॅटो चिरायचे झाले की ताट घेऊन ती थेट जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसायची. पन्नास वर्षं स्वयंपाक केलेली बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात बिचकत वावरू लागली. ते स्वयंपाकघर मी निवडलं होतं. तिला न विचारता.

आमचा पुण्यातला फ्लॅट तीसेक वर्षांचा. आधीचा ओटा काळ्या कडप्प्याचा आणि मागे भिंतीला दोन फूट उंचीपर्यंत साध्या पांढऱ्या टाइल्स. कडप्प्याच्या एका कडेचा टवका उडालेला, सिंकजवळ पांढुरके ओघळ. आई अधूनमधून त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवून तो काळा करायची. मला ते सगळं अंधारं वाटायचं. हाताशी पैसे आले तसं ठरवलं, आईला छान उजळ स्वयंपाकघर करून द्यायचं. बायको म्हणाली, "आईंना विचारलंस का?" मी म्हणालो, "तिला सरप्राइज देऊ." आणि आईला महिनाभर मावशीकडे पाठवलं. मनात प्रेमच होतं. पण जिथे दिवसाचे पाच-सहा तास आई उभी राहणार, ती जागा मी माझ्या डोळ्यांना आवडेल तशी ठरवून टाकली.

पहिली चूक खरेदीच्या क्रमात झाली. एका दुकानात सेल लागला होता, म्हणून मी आधी डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स घेतल्या. 3 इंच बाय 6 इंचांच्या, निळ्या-तपकिरी उठावदार नक्षीच्या. मग त्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन दगड शोधायला निघालो. खरं तर हे उलटं व्हायला हवं होतं. दगड खाणीतून जसा निघेल तसा येतो. एका लादीसारखी दुसरी लादी मिळेलच असं नाही. टाइल कारखान्यात बनते आणि तिच्या शेकडो छटा मिळतात. म्हणून आधी लादी पसंत करायची, तिचा हातभर तुकडा मागून घ्यायचा आणि तो काखोटीला मारून टाइलच्या दुकानात जायचं. हे कुणी सांगितलं नाही अशी तक्रार मी करणार नाही. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

दुसरी चूक दोन्ही गोष्टी एकेकट्या पाहण्याची. गोदामात उभी केलेली राखाडी शिरांची पांढरी लादी पाहून मी हरखलो. टाइलही आवडलेलीच होती. घरात दोन्ही शेजारी आल्या आणि भिंतीवरची नक्षी व ओट्यावरच्या शिरा एकमेकींशी भांडायला लागल्या. नजर कुठे टेकावी तेच कळेना. त्यात छटांचा घोळ. दुकानातल्या झगझगीत पांढऱ्या दिव्यांखाली टाइलची जमीन शुभ्र दिसली होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्यात ती सायीसारखी पिवळसर दिसू लागली, आणि तिच्याशेजारी निळसर झाक असलेला संगमरवर मळकट वाटायला लागला. पांढऱ्यातही ऊन आणि थंड अशा दोन जाती असतात, हे मला पैसे भरून झाल्यावर कळलं.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी, दगडाचा स्वभाव न ओळखण्याची. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकम, दही, व्हिनेगर यांतलं आम्ल त्याला लागलं की पृष्ठभागच खाल्ला जातो. तेल किंवा हळद दगडात मुरते तो डाग. आम्लाचा चट्टा म्हणजे दगडाची झीज, ती पुसून कशी जाणार? तिथे पुन्हा पॉलिशच करावं लागतं. विक्रेता म्हणाला होता, "सीलर मारला की काळजी नाही." सीलर दगडाची सूक्ष्म छिद्रं भरतो, त्यामुळे डाग मुरणं कमी होतं, आम्लाला तो फारसा अडवत नाही. शिवाय कठीणपणाच्या मोहस मापावर संगमरवर 3 च्या आसपास, तर ग्रॅनाइट 6 ते 7. स्टीलची सुरी संगमरवरावर सहज ओरखडा काढते. ज्या घरात आमटीत रोज आमसूल पडतं आणि वर्षाला दोन बरण्या लिंबाचं लोणचं घातलं जातं, त्या घरात मी हा दगड आणला होता.

चौथी चूक सांध्यांची. 10 फूट लांब आणि 2 फूट उंच भिंतीला 3 बाय 6 च्या टाइल्स बसतात 160. तेवढ्या टाइल्सभोवतीचे सगळे सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरलेले. शेगडीमागचे सांधे महिनाभरात फोडणीच्या हळदीनं पिवळे झाले. नक्षीच्या खोबणीत तेलाची चिकट पुटं बसली, आणि आई जुन्या टूथब्रशनं ती घासत उभी राहायची. ओटा आणि भिंत जिथे मिळतात तिथे सिलिकॉन भरू का, असं गवंड्यानं विचारलं होतं. मीच म्हणालो, "नको, पांढरं सिमेंटच भरा, रंग जुळतो." ओटा आणि भिंत सारख्या मापानं हलत नाहीत. लवचीक नसलेला तो सांधा तडकला, मागे पाणी शिरू लागलं, ट्रॉल्यांच्या पाठी ओल आली.

एका संध्याकाळी आई कागद बदलत होती. मी विचारलं, "तुला हे नको होतं, तर तेव्हाच का बोलली नाहीस?"

ती कागदाची घडी करत म्हणाली, "मी आले तेव्हा सगळं बसवून झालं होतं. तू एवढ्या हौसेनं केलंस, काय बोलणार?"

ते ऐकल्यावर निमित्त सांगायला माझ्याकडे काही उरलं नाही. त्याच आठवड्यात ओटा काढायचं ठरवलं. या वेळी आई बरोबर आली.

घरी पाच तुकडे आणले: दोन ग्रॅनाइट, एक क्वार्ट्झ, आमचाच संगमरवर आणि कडप्पा. आईनं ते गॅलरीत मांडले. प्रत्येकावर लिंबाची फोड, कोकमाचं आगळ आणि हळद कालवलेलं तेल ठेवून रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी सगळे धुऊन, कोरडे करून ती प्रत्येकावरून बोटाचं टोक फिरवत गेली. संगमरवराचे चट्टे तर दोघांनाही माहीत होते. कडप्प्यावरही फिकट वर्तुळ होतं. तोही चुनखडीचाच दगड, संगमरवराचा भाऊबंद. "हा आपला जुनाच," म्हणत आईनं तो प्रेमानं बाजूला ठेवला. क्वार्ट्झला आम्लानं काही झालं नव्हतं. पण आईनं विचारलं, "शेगडीवरून उतरवलेली कढई यावर ठेवू?" त्यात दगडाचा चुरा रेझिननं बांधलेला असतो आणि रेझिनला ताव सोसत नाही. तोही गेला.

उरले दोन ग्रॅनाइट. त्यातल्या काळ्याकुट्ट तुकड्यावर बायकोनं नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा घासला. पांढरा कापूस काळा झाला. दगडाला वरून रंग दिलेला होता. दुसरा बारीक ठिपक्यांचा करडा दगड, बाजारात त्याला स्टील ग्रे म्हणतात. त्याच्यावर लिंबाची खूण नाही, हळदीची नाही, बोळा कोरा. आईनं तो उचलून शेगडीशेजारी धरून पाहिला आणि म्हणाली, "यावर पीठ सांडलं तर दिसेल, पण घाबरायला होणार नाही."

मग त्याचा तुकडा भिंतीला टेकवून त्यामागे टाइल्सचे नमुने लावले. सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहिले. दगडात ठिपके होते म्हणून भिंत शांत ठेवली: सायीच्या रंगाची, गुळगुळीत, चकचकीत, 1 फूट बाय 2 फुटांची टाइल. त्याच भिंतीला आता 10 पुरल्या. सांध्यांत करडा इपॉक्सी ग्राउट भरला. तो लवकर घट्ट होतो, म्हणून गवंडी भरत असताना मी मागोमाग ओल्या स्पंजनं टाइल्स पुसत होतो. आधी ओटा बसवला, टाइल त्याच्यावर टेकवली आणि मधल्या फटीत सिलिकॉन भरलं.

खर्च पहिल्यापेक्षा जास्तच आला, कारण तोडफोडही त्यात होती. पण त्याहून जास्त मला लागले ते मधले महिने. मी हौसेनं आईला देऊ केलेली वस्तू ती जपत बसली होती, आणि तिचा हात मोकळेपणानं चालत नव्हता.

संगमरवराचा एक चांगला तुकडा कापून ठेवला आहे. तो गार राहतो, नारळाच्या वड्या त्यावर झटकन आळतात. परवा आईनं त्यावर तूप फिरवून वड्या थापल्या. शेजारी ग्रॅनाइटवर लिंबाच्या फोडी पडल्या होत्या, त्यांचा रस ओट्याच्या कडेपर्यंत ओघळला होता. त्याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं.